देवी उतरून घेतली होती

मी मूळचा नायगावचा, पण चाकरी सगळी मुदखेडला झाली, शाळेत शिपाई होतो, घंटा द्यायची, रजिस्टर वर्गावर न्यायचं, अन् सही मात्र लई झोकात करायची, पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. गुरुजी म्हणायचे, मामा, तुमच्या सहीपुढं हेडमास्तरची सही फिकी. तीच सही पुढं मला नडली बघा.

पोरगा संतोष, त्याला भाड्यानं चालवायला गाडी घ्यायची होती. पेन्शन माझी, म्हणून कर्ज अन् गाडी माझ्याच नावावर. वर्षभर बरं चाललं, मग त्याचा पाय मोडला, हप्ते थकले. फायनान्सचा माणूस यायचा, बालाजी, गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, बाबा, माणसं येऊन चौकातून ओढून नेतील, त्यापेक्षा तुम्हीच आणून द्या, इज्जत राहील. संतोष तेव्हा सासुरवाडीला, देगलूरला होता. मी त्याला विचारलंच न्हाई. बालाजीनं गाडी चालवली, मी शेजारी बसलो, लातूरला त्यांच्या यार्डात गेलो, जप्तीच्या गाड्या उभ्या करतात तिथं. गाडीत काय काय हाय ते त्यानं लिहून घेतलं, जॅक, स्टेपनी, टेप. मग म्हणाला, बाबा, देवी उतरून घ्या, ती कशाला यादीत. समोर लावलेला तुळजाभवानीचा फोटो मी पिशवीत घातला, अन् गाडी स्वखुशीनं दिली म्हणून सही केली.

संतोष आला अन् रिकामं अंगण बघून खालीच बसला. मला म्हणाला, दादा, गाडी? काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातून निघून गेलं, ओढून नेली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो लातूरला, त्याच यार्डात. जाऊन बालाजीची कॉलरच धरली. बालाजी म्हणतोय, अरे भाऊ, तुझ्या बापानंच दिली, हा बघ कागद. संतोष म्हणतोय, खोटी सही मारलीस, माझा बाप असं करायचा न्हाई. मग फायनान्सच्या साहेबानं मलाच विचारलं, बाबा, ही सही तुमची का? सगळे माझ्याकडं बघून राहिले. मी म्हणालो, न्हाई. बालाजीनं पुढं धरलेला कागद खाली घेतला. संतोष पोलिसात जाईल या भ्यानं साहेबानं त्याला तिथंच कामावरून काढलं. गाडी काही मिळाली न्हाई, हप्ते थकलेच होते.

घरी आलो तर बायकोनं पिशवी उपसून गाडीतली देवी देवाऱ्यात ठेवलेली. संतोषनं देवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओढून नेली असती तर देवी गाडीसंगच गेली असती. जेवला न्हाई. त्यानं कधी विचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई.

गेल्या महिन्यात डोळे दाखवायला लातूरला गेलो, ऑटोत बसलो, तर चालवणारा बालाजी. आरशात बघून एवढंच म्हणाला, बाबा, देवी हाय का घरी? हाय म्हणालो. तेवढंच त्याच्याशी खरं बोललो.

मला आता नीट दिसत न्हाई, तर मी सांगितलं तसं तुम्हीच हे लिहा अन् संतोषसमोर वाचा. खाली सही मी करतो, रेघ येईल, टिंबं येतील. कागद घेऊन मीच जाणार हाय लातूरला, त्या साहेबापुढं. बालाजीच्या लेकराबाळांचं भलं होवो. अन् पुन्हा कुणी विचारलं, बाबा, ही सही तुमची का, तर हाव, माझीच, म्हणायला मी हाय अजून.