रेघांची बाटली

“आता परत कुटं निघालीस? नंबर येईल की आपला!”

“आले की वो. लघवीला जाऊ नको का मानसानं?”

दवाखान्यात माझ्या शेजारी वळसंगचे जोतीरामआण्णा आणि त्यांच्या मथुराबाई बसले होते. त्या परत आल्या तशी मी पेपरात डोकं घातलं आणि कान तिकडं ठेवले.

“रानात राबायचीस तवा तांब्याभर पान्यावर दुपार काढायचीस.”

“तवा आपला दिग्विजय पुन्याला न्हवता. ही पानी मोजायच्या रेघांची बाटली त्यानंच धाडलीया. रोज चार बाटल्या पी म्हनतो, उन्हाळा लई हाय.”

“आन तू तहान नसताना ढोसतीस. चक्कर येऊन पडलीस, तवा डॉक्टर काय म्हनले? पानी जास्ती झालंय, त्यानं रक्तातलं मीठ कमी झालंय. तहान लागंल तवाच प्या.”

“ऐकलंय मी. भैरी न्हाय.”

“मग ही परत काटोकाट भरून का आनलीस?”

मथुराबाईंनी बाटली पदराखाली सरकवली.

“तुळशीत वत आन सांग त्याला, पिले म्हनून.”

“लेकराशी खोटं बोलू व्हय?”

“मग मीच सांगतो आज. डॉक्टरनं बाटली बंद केलीया म्हनून.”

“नका सांगू.”

“का? पोराला भितीस व्हय?”

“अवो, रोज सांजच्याला त्यो फोन करतो ते ‘आई, बाटली संपली का’ एवढंच इचारायला. बाटलीच बंद केली, तर फोन कशाला करंल त्यो?”