झोपायचं न्हाय, काकी

न्हाय न्हाय, डोळं मिटायचं न्हाय, काकी — मी मागं वळून बघतोय बरं का, एका हातात कासरा हाय, दुसऱ्या हातानं तुमचा खांदा हालवतोय — राग आला तर येऊ द्या, शिव्या घाला, पर जाग्या ऱ्हावा. पान लागलेल्या माणसाला निजू द्यायचं न्हाय, हे तुमीच सांगायच्या. सापाचं नाव घ्यायचं न्हाय, पान लागलं म्हणायचं, हेबी तुमीच. मग मोसंबीच्या आळ्यात पाचट पसरायला कुणी सांगितलं तुमास्नी? साठीच्या बाईनं भर उन्हात वाकायचं, तेबी कुळानं लावलेल्या झाडांसाठी — आन् पाचटात ते बसलेलं असतंय हे ठाऊक असून?

महिपती म्हणत होता, देवळात न्या, मारुतीच्या पायाशी निजवा, उतरतंय. सगळी वस्ती तेच म्हणत होती. मलाबी ते सोपं होतं, खोटं कशाला बोलू? देवळात काय झालं असतं तर देवानं नेलं — आन् गाडीत काय झालं तर रामहरीनं मारलं. तरी जुपली गाडी. म्हणलं, इंदापूर तीन कोस, दवाखान्यात सुई हाय म्हणतात, असंल नसंल, जाऊन तरी बघू. माझी बायकू सारजा लासुर्ण्याला भनीकडं गेलेली, संगं बसायला बाई न्हाय. भागूबाई चढत होती गाडीत, तर नवऱ्यानं हाताला धरून खाली घेतली. म्हणला, ह्यात पडू नगं. का म्हणला ते सांगू? झोपणार असला तर न्हाय सांगत. बघा माझ्याकडं. हां.

गेल्या वर्सी कुळकायद्याचा दिस उजाडला — कसंल त्याची जमीन. सोपानची झाली, रावजीची झाली, गुलाल उधळला त्यांनी. मी तलाठ्याकडं गेलो, तर म्हणला, रामहरी, तुझी मालकीण विधवा, तिच्या जमिनीला कायदा आत्ता हात लावत न्हाय, ती हाय तवर तू कूळच. म्हणलं, मग माझी कवा? त्यानं काय केलं — नुसतं वर बोट केलं. तुमास्नी बोललो न्हाय मी. कसं बोलणार? बापाच्या टायमापासनं तुमचं मीठ खाल्लं. पर तवापासनं तुमी नुसतं खोकला तरी माझा घास हातात ऱ्हातो. सारजा तुमास्नी काढा द्यायची, आन् मी उंबऱ्यात बसून बघायचो — किती प्याल्या, किती ठिवला. थंडीत तुमास्नी ताप भरला हुता ना? त्या दिशी मी मनात म्हणलं, सुटू दे बाई आता. तुमच्यासाठी न्हवं म्हणलं काकी. माझ्यासाठी म्हणलं.

हां — आता कसं उघडलं डोळं. बघा. थुंका माझ्या तोंडावर, मला चालंल.

मग झाडं कशाला लावलीस म्हणाल. लोकबी हसली. पाच वर्सं फळ न्हाय, जमीन तुझी न्हाय, उद्या काकीचा पुतण्या पुण्यासनं आला तर उपटून बांधावर टाकंल. पर नुसती वाट बघत बसलो असतो तर येडा झालो असतो. वाट तरी कशाची बघायची, तर तुमच्या मरणाची. म्हणून खड्डं खणलं. कावडीनं पाणी घातलं. कुठलं झाड धरलं, कुठलं जळालं, हे बघण्यात दिस जायचा आन् तुमचा खोकला ऐकू यायचा न्हाय. दुसरं काय न्हाय त्यात.

सडक आली बघा. थांबा, ट्रकला हात करतो — गेला. त्यो दुसराबी गेला, बघितलं आन् गेला. जाऊ द्या, बैलं हायती. तोंडाला फेस आलाय त्यांच्या, पर चालत्यात. मी तरी काय करू? तुमी गेला तर जमीन माझी, आन् त्या जमिनीत उभं ऱ्हायला मला तोंड न्हाय. तुमी जगला तर परत रोज उंबऱ्यात बसून मोजायचं. कुठूनबी निघायला वाट न्हाय. तरी जगा. माझ्याच्यानं दुसरं काय म्हणवत न्हाय, जगा काकी, आन् मला बोलणी घाला.

काय? काय म्हणला? कान आणतो जवळ — गाडी फिरव? का फिरवू? अर्ध्याच्या वर आलोय आपण — काय म्हणता, तलाठी तुमास्नीबी बोलला हुता? कवा? झाडं लावायच्या आधी?

म्हंजी मी खड्डं खणत हुतो तवा, "लाव रं, चांगली जात आण" असं तुमीच म्हणला — ते ठाऊक असून म्हणला?

आन् आता फिरव म्हणता. तुमचं वय झालं म्हणता. तुझ्या पोरांच्या नावावर होऊ दे म्हणता.

न्हाय. गप बसा. मगापासनं बोला बोला म्हणत हुतो, आता एक शब्द बोलायचा न्हाय. डोळं उघडं ठिवा आन् गप बसा. चल रं पाखऱ्या.