राखेने घासलेल्या नळ्या

३१ जुलै २०१२

मार्चनंतर वहीत एक ओळ नाही, क्षमस्व. जे लिहायचं तेच टाळत होतो. आज ते सभागृहात बोललो. बोललो तसं उतरवतो.

"आदरणीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, मंचावरील पाहुणे, सत्कारमूर्ती उदारामजी, त्यांच्या सौभाग्यवती कुंदाबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

बावीस वर्षे आमची प्रयोगशाळा सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या उदारामजींना पाहून आपले सूत्रसंचालक भैयाजी आत्ताच म्हणाले, 'भाऊ आज तरी सरळ चालत आला!' तुम्ही हसलात. दारू पिऊन पडले, भुवई फुटली, ही गोष्ट आठ वर्षे या कॉलेजात फिरते आहे. ती मी रचली.

तेव्हा माझं पीएचडीचं काम चालू होतं. कंपवातासारख्या आजारांत प्रथिनांच्या गुठळ्या होतात. त्या कशा धरतात, हे मी इन्सुलिनवर पाहत होतो. काचेच्या नळीत गुठळी धरायला दिवस लागे. त्या दिवशी तीन तासांतच सगळ्या नळ्या गढूळ! चार महिन्यांचं काम मातीत गेलं असं वाटलं.

'काय केलंस?' मी उदारामजींवर ओरडलो.

'काई नाही सर. पावडर सरली, तं राईस मिलची राख आणून घासलो. पाहा ना, कशा चमकून राहिल्या!'

नळ्यांचा स्टँड उचलून मी त्यांच्या तोंडावर फेकला. एक नळी भुवईत फुटली. रक्ताने डोळा भरला, ते काचांवरच बसले. मी पुढे जाऊन बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. पहिलीला राग होता म्हणू; दुसरीला काय होतं?

'कायले मारून राहिले सर? भांडं साफच तं केलो.'

दवाखान्यात मीच सांगितलं, 'प्यायले होते, पडले.' कधी थेंब न घेतलेल्या माणसाने मान हलवली. का? ते तेव्हा रोजंदारीवर होते. माझ्या एका शब्दाने घरी बसले असते.

उरलेल्या नळ्या मी भिंगाखाली पाहिल्या. राखेने आतून बारीक ओरखडे पडले होते. गुळगुळीत काचेवरून प्रथिन सहसा निसटतं. ओरखड्यात अडकतं, आकार सोडतं, मग त्याला दुसरं येऊन चिकटतं. खात्रीसाठी नव्या नळ्या पुन्हा राखेने घासून घेतल्या. कोणाकडून? भुवईला टाके असलेल्या उदारामजींकडून! माझा प्रबंध त्या ओरखड्यांवर उभा आहे. आभारांत ग्रंथपालसुद्धा आहेत, उदारामजी नाहीत.

कुंदाबाई, ते घरी आले की तुम्ही अजून त्यांच्या तोंडाचा वास घेता, असं ऐकलं. नका घेऊ.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. ते मारणं मात्र घालू नका."

कुंदाबाई उभ्या राहिल्या. "आन् आता सांगून राहिले? हार पडल्यावर?"

"बस वं," उदारामजींनी त्यांचा हात ओढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी बी बसा सर. लोकाईले जेवाचं आहे."

बसलो. कुंदाबाईंचं खरं आहे. आज उदारामजींची नोकरी संपली आणि माझी सुरक्षित आहे. मग बोलायला धैर्य लागलं कुठे?

उद्या: हे सगळं कागदावर लिहून, सही करून प्राचार्यांना देणे.