उरलेला चिंचोका

पावणं, आमचं मूळ आजऱ्याकडचं, पण आजा कोल्हापुरात आला तो तलवारी पाजळायला, आम्ही शिकलगार, हत्याराला धार लावायची एवढंच घराण्याला ठावं. माझ्या वक्ताला तलवारी गेल्या आणि विळं, अडकित्तं, न्हाव्याचं वस्तरं तेवढं राहिलं. मी दस्तगीर, चौघा भावांतला तिसरा. पासष्टची लढाई झाली आणि शहराभाईरच्या टेकडीखाली लष्कराची फायरिंग रेंज हुती तिथं माणसं पायजे हुती, मी गेलो, साहेबानं विचारलं तुला येतं काय, म्हटलं हत्याराला भ्यायचं कसं ते येतं. साहेब हसला आणि घेतलं मला.

काम म्हणाल तर लाल झेंडा लावायचा, ढोरं-माणसं लांब ठेवायची, आणि फायरिंग संपलं की न फुटलेला माल हुडकायचा. एखादा बॉम्ब पडतो आणि गप बसतो. लोक त्याला फुसका म्हणत्यात. काय सांगू तुम्हाला, फुसका न्हाय तो, रुसलेला हाय, कवा बोलंल त्याचा नेम न्हाय. त्याला हात लावायचा न्हाय, हलवायचा न्हाय, खूण करून मागं फिरायचं, मग लष्कराची तरबेज माणसं येऊन जागच्या जागी उडवत्यात.

आता रानात असा कोण बसलाय हे कळायचं कसं, तर माझ्या डाव्या खिशात चिंचोकं असायचं. बॉम्ब सुटला की एक चिंचोका मुठीत घ्यायचा, तिकडं फुटल्याचा आवाज आला की उजव्या खिशात टाकायचा. शेवटाला मूठ उघडायची. मूठ रिकामी तर रान मोकळं, मुठीत चिंचोका तर रानात एक रुसलेला. साहेब लोकांचं कागद असायचं, पण माझी मूठ कवा चुकली न्हाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणीबाणीच्या आदल्या साली उन्हाळ्यात एक चिंचोका उरला. तीन दिस रान धुंडाळलं, न्हाय गावला. साहेब नवा आलता, म्हणाला शिकलगार, दोन एकदम फुटलं असतील, तुझं मोजणं चुकलं, आणि कागदावर सगळं फुटलं म्हणून लिवलं. मला लई लागलं बघा ते. घरात बायको म्हणाली, साहेब म्हणतो तर असंल, टाका की तो चिंचोका. न्हाय टाकला. खमिसाच्या वरच्या खिशात ठेवला, खमीस बदललं की चिंचोका बी त्यात जायचा.

पावसाळा सरला. अवसंच्या दिवशी बाजारात कोणतरी बोललं, रेंजखालच्या वाडीत वड्याकाठी लोखंडाचा म्हसोबा निघालाय, डोस्क्यावर पाकळ्या हायत. पाकळ्या म्हटल्यावर माझा हात वरच्या खिशातल्या चिंचोक्यावर गेला. आमच्या उखळी तोफंच्या बॉम्बला शेपटीला पाती असत्यात, उलटा रोवला की पाकळ्याच दिसणार. तशीच सायकल हाणली.

बघतो तर बांधावर शेंदूर फासलेला देव, म्होरं पणती, भोवती पंधरा-वीस माणसं, आणि शेताची मालकीण हौसाक्का, साठीची बाई, देवाला लागून दगड हुता त्यावर नारळ आपटायच्या बेतात. बॉम्ब म्हणून वरडावं तर माणसं एकमेकावर पडतील, कोणाचा तरी पाय लागंल. म्हटलं आक्का, थांबा, पयला नारळ माझा, माझा नवस हाय. ती म्हणाली, भाई, तुमचा नवस आमच्या म्हसोबाला? म्हटलं व्हय, उन्हाळ्यापासनं हुडकतोय त्याला. खोटं न्हवतं की ते.

नारळ माझ्या हातात आला, मग जिवात जीव आला. म्हटलं आक्का, ह्यो गावला कुठं? म्हणाली, वड्यात, पावसात वरनं वाहून आलता, पदरात घालून आणला मी, लेकरावानी. सांगितलं तिला, आक्का, ह्यो देव न्हाय, आमच्या रेंजवरचा बॉम्ब हाय आणि जिता हाय. तिचं तोंड उतरलं पण ती हटली न्हाय, म्हणाली दोन म्हैने दिवा लावतोय, सून गरवार राहिली ह्याच्या पायानं, आणि तुम्ही देवाला उडवणार व्हय. गर्दीतलं एक-दोघं तापलं, शिकलगाराचं काय ऐकता म्हणालं. मी म्हटलं, ज्या सुनंसाठी दिवा लावला ती रोज पाण्याला हितनंच जाती न्हवं?

बाईनं पाण्याच्या वाटंकडं बघितलं. मग म्हणाली, देवाची जागा रिकामी ठेवायची न्हाय. म्हटलं, वड्यातला काळा दगड मी स्वता आणून बसवतो, त्याच जागी. तशी ती उठली आणि माणसांना म्हणाली, चला मागं, भाई सांगतोय न्हवं. एकाला सायकलीवर रेंजला धाडला, आणि मी लांब वाटंवर रुमाल धरून उभा राहिलो, कोणाला फिरकू दिलं न्हाय.

दुपारी लष्कराची माणसं आली, संगट तोच साहेब. वाळूची पोती रचली, वाडी मोकळी केली, आणि उडवला. आवाज झाला तसा मी खमिसातला चिंचोका काढला आणि उजव्या खिशात टाकला. साहेब बघत हुता. म्हणाला शिकलगार, कागद चुकला, तू न्हाय. सगळ्यांच्या म्होरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खड्डा भरून दगड बसवला. त्या सुनंला लेक झाली, शाळंत जाती आता. हौसाक्का मागल्या साली गेली, मी बी रिटायर झालो, पण जत्रंला वाडीतनं सांगावा येतोच, भाई, पयला नारळ तुमचा. मी मुसलमान माणूस, तरी जातो, आणि न भिता आपटतो, कारण तो दगड माझ्या हातचा हाय. रेंजवर काय कमावलंस म्हणून कोण विचारलं की मी दोन्ही हात म्होरं करतो, म्हणतो मोजा. दहाच्या दहा बोटं हायत. तुमची बी अशीच राहूद्यात, पावणं.