पाहतो ना, सर

माझ्या कबड्डीची तारीफ नका करू बाप्पा, पहिले हे आयका. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजच्या टीमले मुख्य चढाईवाला एकच पाहिजे होता अन् पोट्टे होते दोन, मी अन् एटापल्लीकडचा मानकू. पाय माझे चपळ होते, पण दम त्याचाच.

फायनलच्या सकाळी सरनं त्याले विचारलं, "समोरची टीम तगडी आहे. जमेल ना तुला?" सर पुण्याहून नवीनच आले होते.

मानकू म्हणे, "पाहतो ना, सर."

आपल्या इकडं याचा अर्थ, बिनघोर राहा, काम झालं समजा. सरले वाटलं, पोरगा डगमगला. म्हणाले, "पाहायचंच असेल तर बाहेर बसून पाहा."

सगळे हासले. अर्थ मले ठाऊक होता, पण जागा माझी पक्की होऊन राह्यली होती. मी बी हासलो.

पहिल्याच चढाईत समोरच्या टीमनं मले धरून आपटलं, अन् शेवटपर्यंत तेच चाललं. हरलो. मानकू बाहेर बसून सारा सामना पाहत होता.

वापस येताना मी म्हटलं, "तुझ्या बोलण्याचा अर्थ सरले काऊन नाई सांगतला बे?"

तो म्हणे, "मले वाटलं, तू सांगशीन."