बत्तीसची कंबर

(शिवणाचं दुकान, दुपारचे साडेतीन. धाकटी बहीण हे दुकान चालवते. थोरली, म्हणजे ताई, शाळेत मुख्याध्यापिका आहे. त्यांची आई खिडकीशी बसून बटणं लावते आहे.)

ताई : ओढ ना जरा! श्वास रोखलाय मी.

धाकटी : ओढतेच आहे. चेन कमरेपाशी अडकलीय. पुढं जायचं नाव घेत नाही.

ताई : मग चेन खराब असेल.

धाकटी : चेन चांगली आहे. तुझ्यापेक्षा सरळ आहे.

आई : अगं, टोमणे नंतर मारा. हिचा सत्कार साडेपाचला आहे.

ताई : तूच बघ आई. दोनशे पालक, सगळा शिक्षकवर्ग, वरचे अधिकारी. आणि हिनं माप चुकवलं.

धाकटी : माप कुणी सांगितलं होतं?

ताई : मी. फोनवर. नेहमीसारखं.

धाकटी : किती?

ताई : बत्तीस.

धाकटी : मग हा ड्रेस बत्तीसचाच आहे. टेप लावून बघ.

ताई : आजवर कधी घट्ट झाला का एक तरी कपडा?

धाकटी : कसा होईल? बारा वर्षं तू फोनवर बत्तीस सांगतेस आणि मी गुपचूप छत्तीस शिवते. शिवाय आत बत्तीस आकड्याची पट्टी लावते. तुझ्या अंगाला टेप लावू देत नाहीस ना, म्हणून अंदाजानं.

ताई : आई, हे खरं आहे?

आई : मला काय विचारतेस? आरसा आहे ना घरी.

ताई : आणि याच वेळी बरी तुला खरेपणाची आठवण झाली!

धाकटी : याच वेळी. मुद्दाम. उगाच चूक झाली असं म्हणणार नाही मी.

ताई : म्हणजे सूड उगवतेस? सख्ख्या बहिणीवर?

धाकटी : हो.

आई : अगं, असं तोंडावर...

धाकटी : तोंडावरच बोलू दे आई. पाठीमागं बोलून बारा वर्षं गेली. ताई, डॉक्टरीणबाईंचा निळा ड्रेस आठवतो?

ताई : झालं, पुन्हा तेच. एकदा घातला, धुऊन आणून दिला. झिजला का तो?

धाकटी : तयार करून स्टँडला लावला होता. बाई सोमवारी न्यायला येणार होत्या. तू रविवारी कुलूप उघडून आत आलीस, तो काढलास, आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाला मिरवून आलीस. फोटोसुद्धा टाकलास. बाईंनी तो पाहिला.

ताई : मी सॉरी पाठवलं होतं.

धाकटी : हसरा चेहरा लावून. बाई दुकानात आल्या. नेलेला ड्रेस टेबलावर परत ठेवला आणि गेल्या. त्यांच्या दवाखान्यातल्या चाळीस नर्सांचे गणवेश माझ्याकडे यायचे होते, तेही गेले. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, तुझ्या एका संध्याकाळपायी.

ताई : तुला एवढं लागलं होतं तर तेव्हाच बोलायचंस.

धाकटी : बोलले नाही? चार वेळा बोलले. न विचारता येऊ नकोस म्हटलं, तू म्हणालीस, घरचीच आहे मी. गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावू नकोस म्हटलं, तू म्हणालीस, किती गं जिवावर येतं तुझ्या. बोट दिलं की मनगट धरायचं, हीच तुझी रीत. तोंडानं सांगितलेलं तुला कधी टोचलं नाही. म्हणून शिवून सांगितलं.

ताई : बरं, माझं चुकलं. झालं समाधान? आता कमरेच्या बाजूला एक पट्टी घाल. अर्ध्या तासाचं काम आहे, मला कळतं.

धाकटी : वीस मिनिटांचं.

ताई : मग?

धाकटी : घालणार नाही.

ताई : आई! सांग हिला काहीतरी.

आई : काय सांगू? दुकान तिचं आहे.

ताई : ठीक आहे. तो करडा दे, कपाटातल्या त्या हँगरचा. सैल दिसतोय. रात्री परत...

धाकटी : हात खाली कर.

ताई : दोन तासांपुरता गं!

धाकटी : बघ. आत्ता चुकलं म्हणालीस, तोंडातला शब्द वाळला नाही, तोवर पुन्हा दुसऱ्याच्या कपड्याला हात. तो शेजारच्या वकीलबाईंचा आहे. कपाट बंद केलं मी. आणि दुकानाची किल्ली इकडे दे.

ताई : अडीअडचणीला दिली होतीस तू.

धाकटी : अडचण तूच झालीस. दे.

ताई : घे. घे तुझी किल्ली! आणि मी काय घालून जाऊ तिथं?

धाकटी : सकाळी शाळेत घालून गेलीस ते. इस्त्री करून देते हवी तर. तेवढं बहीण म्हणून.

ताई : खडूचे डाग आहेत त्यावर.

धाकटी : मुख्याध्यापिकेचा सत्कार आहे, शोभतील.

ताई : फार शहाणी झालीस. नको मला तुझी इस्त्री. हा घे तुझा ड्रेस, घातले मी माझेच कपडे. उद्यापासून दुसरा टेलर बघते.

धाकटी : बघ. पण त्याला खरं माप सांग.

ताई : सांगणारच आहे!

धाकटी : आणि माझ्याकडेच यायचं असलं, तर सकाळी दहानंतर ये. समोर उभी राहा, टेप लावू दे. आठ दिवसांनी कपडा मिळेल. तुझ्याआधी सहाजणी आहेत.

ताई : आई, येतेस का तू कार्यक्रमाला?

आई : येते. तू हो पुढं, मी चप्पल घालते.

धाकटी : दार लोटून घे गं ताई... आपटलंच. आई, वाईट वाटायला हवं होतं मला. नाही वाटत. आतून गार गार वाटतंय.

आई : वाटू दे. इतक्या वर्षांचं आहे ते.

धाकटी : तू रागावशील असं वाटलं होतं.

आई : परवा त्या ड्रेसला आतून हूक कुणी लावले? मीच ना? कमरेला हात लावला तेव्हाच कळलं मला, या वेळी खरंच बत्तीसचा आहे.

धाकटी : मग तेव्हाच का नाही बोललीस?

आई : बोलले असते, तर तू सैल केला असतास.