न उघडलेली खोकी

औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. रांग मुंगीच्या पावलानं चाललेली, माझं डोकं तापलेलं. कान मात्र त्यांच्याकडे.

"ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले? माझा हात थरथर कापतो म्हणून दिलेली गोळीच डोक्यात खोटी आशा पेटवते, तिच्यामुळेच हा खरेदीचा नाद लागला."

"ऐकलं. मला वाटलं, तुम्हाला म्हातारचळ लागला. दिवसभर मोबाइलवर जुन्या घड्याळांचे लिलाव आणि घरात त्यांची खोकीच खोकी."

"बोली लावताना वाटायचं, आता मिळेल, आता मिळेल. छाती नुसती धडधडायची."

"आणि मिळाल्यावर?"

"काहीच नाही. खोकं उघडावंसंही वाटायचं नाही. लगेच दुसरं शोधायचो."

"माहितीये. पलंगाखाली झाडू जात नाही माझा."

"तू डॉक्टरांना सांगितलंस म्हणून कळलं. मला लाज वाटत होती."

"मी तुमची तक्रार करायला आले होते. इलाज निघाला, हे आपलं नशीब."

"आता गोळी कमी केली, की हात पुन्हा थरथरणार."

"थरथरू दे. चहा अर्धाच कप भरेन."

"अगं, पण तू आज लेकीकडे कायमची निघाली होतीस ना? बॅग दाराशीच आहे."

"आहे."

"मग?"

"मग काय? घरी गेलो की तुम्हीच रिकामी करा. कपडे नीट घडी करून कपाटात ठेवायचे. हात कापतो ही सबब चालणार नाही."

रांग पुढे सरकली. ती दोघं तिथंच उभी. मागचा एकजण ओरडायला लागला, त्याला मीच गप्प केलं.